फोक्सवॅगन टिकते का, खर्चात पाडते का? सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलो, व्हेंटो, अमिओ, टायगुन आणि व्हर्टस या गाड्यांबद्दल सातारा, कराड, सांगली, मिरज, विटा भागातून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथं एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. जिथं एक मुद्दा दुसऱ्यात अडकतो तिथं प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. फोक्सवॅगन भरवशाची आहे की नाही? सरळ सांगा.

नुसत्या नावावरून सांगता येत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडी कोणती, ते कळलं की सांगता येतं. मॅन्युअल गिअरची एमपीआय, म्हणजे टर्बो नसलेली साधी पेट्रोल, ही मंद पण सोशिक गाडी आहे. मॅन्युअल टीडीआय डिझेल लांब पल्ल्याला उत्तम, फक्त बेल्ट आणि क्लचचा खर्च टाळून चालत नाही (प्रश्न ७ आणि ८). टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, पळायला जोरदार आहे, पण ऑइल आणि कूलंटच्या बाबतीत नखरेल. बदनामीचा मोठा वाटा सात गिअरच्या, दोन क्लचच्या डीएसजी ऑटोमॅटिकचा आहे (प्रश्न ९).

पत्रा, दरवाजे, हायवेवरची पकड यांबद्दल तक्रार क्वचितच येते. पत्र्यावर जस्ताचा लेप असल्यामुळं दहा-बारा वर्षांच्या पोलोचाही खालचा पत्रा बहुधा शाबूत सापडतो. अडचण वेगळीच आहे. ‘चालतंय तोवर चालू दे’ हा आपला खाक्या या गाडीला मानवत नाही. सर्व्हिस दोनदा चुकली तरी दुसरी एखादी गाडी कुरकुरत चालत राहते. ही काही दिवस काहीच बोलत नाही आणि मग एकदम मोठं बिल हातात देते.

२. कोणत्या मॉडेलात कोणतं इंजिन आहे?

पोलो आणि व्हेंटो २०१० मध्ये आल्या आणि दोन्ही २०२२ मध्ये बंद झाल्या. अमिओ २०१६ ते २०२०. टायगुन २०२१ पासून, व्हर्टस २०२२ पासून. या सगळ्या चाकणच्या कारखान्यातल्या. म्हणजे गाडी जर्मन असली तरी तिचं माहेर पुणे जिल्ह्यातच आहे.

पेट्रोलमध्ये आधी १.२ लिटर तीन सिलिंडर एमपीआय होतं, २०१८ पासून १.० एमपीआय आलं. सुरुवातीला काही गाड्यांत १.६ पेट्रोलही होतं. टर्बो पेट्रोलमध्ये २०१३ ची पोलो जीटी १.२ टीएसआय, २०२० पासून १.० टीएसआय, आणि टायगुन-व्हर्टसमध्ये १.० शिवाय १.५ टीएसआय. डिझेलमध्ये १.२ आणि १.६ टीडीआय, २०१४ पासून १.५ टीडीआय. एप्रिल २०२० ला प्रदूषणाचं बीएस ६ मानक लागू झालं आणि या गाड्यांमधलं डिझेल संपलं. त्यामुळं ‘२०२१ ची डिझेल पोलो’ असं कुणी सांगत असेल तर आरसीवरची उत्पादनाची तारीख वाचा.

३. देखभाल महाग असते हे खरं की नुसती अफवा?

निम्मं खरं. फिल्टर, ब्रेक पॅड, वायपर, बल्ब असं रोजचं सामान बाजारात सहज मिळतं आणि त्याचे भाव इतरांपेक्षा थोडेच वर आहेत. महाग पडतात ते जोडून येणारे भाग. कंपनीत बऱ्याचदा सुटा तुकडा मिळत नाही, अख्खी असेंब्ली घ्यावी लागते. थर्मोस्टॅटची झडप गेली की घरासकट पंप बदलायचा. आरशाचं एक पान तुटलं की पूर्ण आरसा घ्यायचा.

दुसरं कारण अंतराचं. कंपनीची सर्व्हिस १५,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी येईल ते. ऐकायला छान वाटतं. पण वर्षातून एकदाच गाडी उघडली जाते आणि मध्ये कुणी बघत नाही, त्यामुळं साठलेलं सगळं एकाच बिलात निघतं. मध्ये ७,५०० किमीला स्वतःच्या खर्चानं ऑइल आणि फिल्टर बदलून घेणाऱ्यांच्या तक्रारी कमी येतात.

४. स्कोडाचे पार्ट बसतात का?

बसतात, आणि खूप बसतात. स्कोडा ही फोक्सवॅगनच्याच समूहातली कंपनी. तिची रॅपिड ही व्हेंटोची सख्खी बहीण, फाबिया पोलोची. टायगुन-कुशाक आणि व्हर्टस-स्लाव्हिया याही जोड्याच आहेत. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, सेन्सर बहुतेक तेच. पार्टवर कोरलेला नंबर सारखा असेल तर खोक्यावर नाव कुणाचंही असो. नंबर जुळतो पण शेवटचं अक्षर वेगळं असेल, तर पुढचं अक्षर म्हणजे बहुधा सुधारित भाग. मागचं अक्षर घेऊ नका. बंपर, दिवे, बोनट मात्र ज्याचं त्यालाच.

५. गावातल्या गॅरेजमध्ये दाखवली तर चालेल का, की प्रत्येक वेळी पुणे-कोल्हापूर गाठायचं?

ऑइल, ब्रेक, सस्पेन्शन, क्लच, एसीचा गॅस ही कामं चांगला फिटर गावात करू शकतो. मात्र त्याच्याकडे फोक्सवॅगनची भाषा बोलणारा स्कॅनर हवा, म्हणजे व्हीसीडीएस किंवा ओबीडी इलेव्हन यांसारखा. साधा स्कॅनर इंजिनाचे कोड दाखवतो, पण गिअरबॉक्स, एअरबॅग आणि काचा-लॉक-वायपर चालवणाऱ्या बॉडी कंट्रोल मॉड्यूलपर्यंत पोहोचत नाही.

एक परीक्षा सोपी आहे. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केल्यावर काय करता, असं विचारा. ‘बसवायचं आणि चालू करायचं’ असं उत्तर आलं तर गाडी परत आणा. साफ केलेल्या थ्रॉटलचं ॲडॅप्टेशन, म्हणजे तिची नवी स्थिती गाडीच्या संगणकाला शिकवणं, लॅपटॉपवरून करून घ्यावं लागतं, नाहीतर आयडलिंग वरखाली होत राहतं आणि दोष गरीब बिचाऱ्या स्पार्क प्लगवर जातो.

डीएसजीचं काम, एअरबॅग आणि वॉरंटीतली गाडी मात्र कंपनीतच. टायमिंग बेल्टचं उत्तर प्रश्न ७ मध्ये.

६. ऑइल कोणतं घालायचं? दुकानदार म्हणतो 5W-30 म्हणजे 5W-30.

दुकानदार अर्धं सांगतो. 5W-30 किंवा 5W-40 हा फक्त पातळपणा. फोक्सवॅगनला त्यावर स्वतःचा नंबर लागतो, तो डब्याच्या मागं बारीक अक्षरांत असतो. जुन्या एमपीआय आणि टीएसआय पेट्रोलला ५०२ ००, डिझेलला ५०५ ०१ किंवा ५०७ ००. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत नेमका नंबर छापलेला आहे, तोच डब्यावर शोधा. डब्यावर ‘शिफारस’ आणि ‘मान्यता’ हे दोन वेगळे शब्द असतात. मान्यता पाहिजे.

मात्रेबाबत: १.६ टीडीआयला फिल्टरसह सुमारे ४.३ लिटर, १.० टीएसआयला सुमारे ४ लिटर. ‘पाच लिटरचा डबा आणलाय, संपवून टाकू’ असं करू नका. जास्त झालेलं ऑइल फेसाळतं आणि टर्बो-सीलमधून बाहेर येतं. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबून डिपस्टिक पाहा. टीएसआय थोडं ऑइल खाते, तेव्हा महिन्यातून एकदा बोनट उघडायची सवय हवी.

७. टायमिंग बेल्ट कधी बदलायचा? तुटला तर काय होतं?

तुटला तर पिस्टन वर येतो, व्हॉल्व्ह उघडे असतात, दोघांची टक्कर होते आणि हेड खोलावं लागतं. ही घटना अर्ध्या सेकंदाची आणि बिल लाखाच्या आसपासचं.

सगळ्या टीडीआय, १.० एमपीआय, १.० टीएसआय आणि १.५ टीएसआयला बेल्ट आहे. जुन्या १.२ एमपीआयला चेन. पुस्तिकेतला किलोमीटरचा आकडा प्रमाण माना, पण सेकंडहँड टीडीआयचा बेल्ट बदलल्याचं बिल मिळत नसेल तर तो बदललेला नाही असंच समजा. मीटरवर ८०-९० हजार दिसले तर वाट पाहू नका. वयही मोजा. कमी चाललेल्या गाडीचं रबरही आठ-दहा वर्षांत कडक होतं.

बदलताना पूर्ण किट घ्या: बेल्ट, टेन्शनर, आयडलर पुली. टीडीआयमध्ये वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून तोही त्याच वेळी. पंप राहिला आणि वर्षभरात गळला तर सगळी मजुरी दुसऱ्यांदा.

आता खरी गोम. क्रँक, कॅम आणि डिझेल पंप हे तिन्ही जागच्या जागी धरणारे लॉकिंग पिन लागतात. काही ठिकाणी पांढऱ्या रंगानं खुणा मारून बेल्ट काढतात आणि खुणा जुळवून नवा घालतात. जुना बेल्ट ताणलेला असेल तर खुणासुद्धा ताणलेल्याच असतात. गाडी चालू होते, पण सकाळी धूर आणि पिकअप कमी. काम सुरू करण्याआधी ‘पिन दाखवा’ म्हणा. ज्याच्याकडे आहेत तो आनंदानं दाखवतो.

चेनवाल्या १.२ एमपीआयमध्ये सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-चार सेकंद खुळखुळ्यासारखा आवाज आला तर चेन किंवा तिचा टेन्शनर ढिला पडलाय. ही गाडी उतारावर फक्त गिअरमध्ये टाकून उभी करू नका. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. गाडी मागं सरकली तर इंजिन उलटं फिरतं आणि ढिली चेन दात सोडू शकते.

८. डिझेल व्हेंटोत क्लच दाबला की आवाज बंद होतो, सोडला की खडखड. क्लच प्लेट गेली का?

बहुधा प्लेट नाही, ड्युअल मास फ्लायव्हील. हे दोन चकत्यांचं असतं आणि मध्ये स्प्रिंग. डिझेलचे झटके गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नयेत म्हणून कंपनी ते बसवते. स्प्रिंग थकली की आयडलला खडखड आणि इंजिन बंद करताना एक जोरदार हिसका बसतो. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर ॲक्सिलरेटर दाबायची सवय याला सगळ्यात लवकर मारते. साताऱ्याहून कासला यवतेश्वरचा चढ तिसऱ्यात रेटत जाणाऱ्यांनी हे वाचावं.

फ्लायव्हील बदलायचं म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी, कारण गिअरबॉक्स उतरलेलाच असतो. काही जण स्वस्तात ‘सॉलिड फ्लायव्हील’ करून देतात. चालतं, पण कंपन सीटपर्यंत येतं आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार वाढतो. दोन वर्षांत विकायची असेल तर ठीक.

९. डीएसजी एवढी बदनाम का? नेमकं काय बिघडतं?

आपल्याकडे ज्या डीएसजीची तक्रार होते ती डीक्यू २०० नावाची सात गिअरची, कोरड्या क्लचची. दोन क्लच असतात. एकावर १, ३, ५, ७ आणि दुसऱ्यावर २, ४, ६ आणि रिव्हर्स. एक गिअर चालू असताना पुढचा तयार ठेवला जातो, म्हणून बदल झटक्यात होतो. क्लच कोरडे असल्यामुळं ते थंड करायला तेल नसतं, हवा एवढीच. रांगत्या ट्रॅफिकमध्ये ते घासतात आणि तापतात.

बिघाड मुख्यतः दोन. पहिला क्लचचा: पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर, चढावर वास. दुसरा मेकाट्रॉनिकचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्राचा मेंदू आणि स्नायू एकाच पेटीत. त्यात हायड्रॉलिक दाब साठवणारी टाकी असते. तिच्याजवळचं ॲल्युमिनियम तडकलं की दाब जातो, पाना दाखवणारा दिवा लागतो, फक्त सम किंवा फक्त विषम गिअर पडतात किंवा गाडी जागची हलत नाही. मेकाट्रॉनिक नवीन घ्यायचं तर आकडा लाखाच्या पुढं जातो.

तापमानाचा संबंधही आहे. २०१३ मध्ये कंपनीनं जगभरच्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल घातलं. उष्ण-दमट हवेत त्या तेलामुळं विजेच्या भागात बिघाड होत होता. त्या काळातली गाडी असेल तर चेसिस नंबर देऊन हे काम झालंय का ते अधिकृत केंद्रात विचारता येतं.

गिअरचं तेल आणि मेकाट्रॉनिकचं तेल या दोन वेगळ्या जागा आहेत. एकाच बिलात ‘गिअरबॉक्स ऑइल बदललं’ असं असेल तर कुठलं, ते विचारा.

१०. मग सगळ्याच ऑटोमॅटिक टाळायच्या का?

नाही. १.० टीएसआयबरोबर येणारी ऑटोमॅटिक सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे कोरड्या क्लचऐवजी तेलातून ताकद पोहोचवणारी. ती जरा आळशी, पण सहज तापत नाही आणि रांगायला उत्तम. २०२० नंतरची पोलो, व्हेंटो आणि १.० ची टायगुन-व्हर्टस यांत हीच. सुरुवातीच्या व्हेंटो १.६ पेट्रोल ऑटोमॅटिकमध्येही टॉर्क कन्व्हर्टरच होता.

डीएसजी कुठं आहे: पोलो जीटी १.२ टीएसआय, व्हेंटो १.२ टीएसआय ऑटोमॅटिक, १.५ टीडीआय ऑटोमॅटिक व्हेंटो आणि अमिओ, आणि १.५ टीएसआय ऑटोमॅटिक टायगुन-व्हर्टस. रोज सांगलीच्या स्टेशन रोडला अर्धा तास रांगायचं असेल तर १.० टॉर्क कन्व्हर्टर घ्या. हायवेला कराड-पुणे जाऊन यायचं असेल आणि वॉरंटी शिल्लक असेल तर १.५ डीएसजीचा आनंद वेगळाच.

११. डीएसजी घाटात कशी चालवायची? खंबाटकीला जाम लागला की भीती वाटते.

भीती बरोबर आहे, उपाय सोपा. पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका. ब्रेक दाबून थांबा. ब्रेक दाबलेला असताना क्लच सुटलेला असतो आणि काही घासत नाही. पुढं दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदम सरका आणि पुन्हा पूर्ण थांबा. इंच-इंच रांगणं हेच क्लचचं मरण. मागचा हॉर्न वाजवणारच, त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

पसरणी घाटात किंवा कुंभार्लीला उतरताना गिअर मॅन्युअलमध्ये घेऊन दुसरा-तिसरा धरा, म्हणजे इंजिनाचा ब्रेक मिळतो. स्क्रीनवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली तर कडेला घ्या, पी मध्ये टाका, इंजिन चालू ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा.

बंद पडलीच तर पूर्ण उचलून नेणारी गाडी मागवा. दोरीनं ओढणं अगदी नाइलाज असेल तर न्यूट्रलमध्ये, ५० किमी वेगाच्या आत आणि ५० किमी अंतराच्या आत. पुढची चाकं जमिनीवर ठेवून सांगलीहून पुण्यापर्यंत ओढत नेलेला गिअरबॉक्स दुरुस्तीपलीकडं जाऊ शकतो.

१२. ईपीसी दिवा लागतो, गाडी मिसिंग करते. काय तपासायचं?

ईपीसी म्हणजे इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणातला बिघाड दाखवणारा डॅशवरचा दिवा. आधी स्वस्त गोष्टी. ब्रेक पेडलवरचा स्विच खराब झाला तरी ईपीसी लागतो. कुणाला तरी मागं उभं करून ब्रेकचे दिवे पाहा. लागत नसतील किंवा कायम लागलेले असतील तर चोर सापडला.

पेट्रोलमध्ये पुढचा संशयित इग्निशन कॉइल. स्कॅनरवर पी०३०२ आलं म्हणजे दुसरा सिलिंडर मिस होतोय. त्याचा कॉइल तिसऱ्यावर टाका, कोड पुसा, चालवून पाहा. आता पी०३०३ आलं तर कॉइल गेलाय. तरीही पी०३०२ च राहिलं तर प्लग किंवा इंजेक्टर. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

२०२१ च्या सुरुवातीच्या कुशाकमध्ये (टायगुनची स्कोडातली जोडीदार) ईपीसीचं कारण इंधनपंप होतं आणि कंपनीनं नवा, दणकट पंप बसवून दिला. त्या काळातली कुशाक घेत असाल तर पंप बदलल्याची नोंद मागा.

१३. कूलंट थोडं थोडं कमी होतं, खाली थेंब नाही. कुठं जातं?

१.० आणि १.५ टीएसआयमध्ये वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट एकाच प्लास्टिकच्या घरात, गिअरबॉक्सच्या बाजूला, कॅमशाफ्टवरच्या छोट्या बेल्टनं फिरतात. तिथून झिरपलेलं कूलंट गरम इंजिनावर वाळतं आणि मागं गुलाबी-जांभळी खपली ठेवतं. टॉर्च घेऊन त्या कोपऱ्यात पाहा. खपली दिसली की पंप-घर बदलायचं. सीलंट फासून काही होत नाही.

बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडच्या क्षारानं रेडिएटरच्या नळ्या आतून चुनखडीनं भरतात. कंपनीचं गुलाबी-जांभळं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हिरव्या कूलंटमध्ये मिसळू नका.

१४. खालून खडखड येते आणि खिडकीची काच आत पडली.

काच पडली म्हणजे रेग्युलेटरचा प्लास्टिक क्लिप तुटलाय. पोलो-व्हेंटोत हे ओळखीचं दुखणं आहे. मोटर सहसा शाबूत असते, रेग्युलेटर तेवढा बदला.

खडखडीसाठी क्रमानं: स्टॅबिलायझर लिंक रॉड, मग पुढच्या शॉकॲब्झॉर्बरचं वरचं माउंट, मग कंट्रोल आर्मचे बुश. लिंक रॉड सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी जातो. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी खोदलेल्या रस्त्यावर आणि रंग न दिलेल्या गतिरोधकांवर रोज जायचं असेल तर खाली लोखंडी इंजिन गार्ड लावून घ्या. ऑइल चेंबर फुटण्यापेक्षा गार्ड स्वस्त.

१५. शेतातल्या घरी गाडी उभी असते, उंदरांनी वायरिंग खाल्लं. गॅरंटी?

नाही. वॉरंटीत उंदीर येत नाही. विम्यात येतो का ते पॉलिसीवर आहे, आणि बहुधा त्यासाठी वेगळा ॲड-ऑन लागतो. रात्री बोनट थोडं उघडं ठेवा आणि आत छोटा दिवा लावा, उंदराला अंधार लागतो. कडबा आणि पेंड यांपासून गाडी लांब. वायर जोडताना नुसती टेप मारू नका. सोल्डर आणि उष्णतेनं आवळणारी नळी हवी, नाहीतर पावसाळ्यात पुन्हा नवा दिवा लागतो.

१६. तो डिझेल घोटाळा माझ्या पोलोला लागू आहे का?

सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं उघड केलं की कंपनीच्या डिझेल गाड्या चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करतात. जगभरात सुमारे १.१ कोटी गाड्या. भारतात ईए १८९ जातीच्या इंजिनांच्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावायचं कंपनीनं जाहीर केलं. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ५०० कोटींचा दंड लावला, नंतर सर्वोच्च न्यायालयानं कारवाईला स्थगिती दिली.

गाडी चालायला त्यामुळं असुरक्षित नाही आणि पीयूसीही मिळतं, कारण तिथं डिझेलचा फक्त काळा धूर मोजतात आणि घोटाळा नायट्रोजन ऑक्साइडचा होता. तुमच्या गाडीत नवं सॉफ्टवेअर टाकलंय का ते चेसिस नंबरवरून कळतं. ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीनं भरलेला असेल तर तो आधी साफ करा, मग सॉफ्टवेअरला दोष द्या.

१७. ई२० पेट्रोल चालतं का?

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूचं स्टिकर वाचा, तिथं किती टक्के इथेनॉल चालतं ते लिहिलेलं असतं. ॲव्हरेज थोडं कमी होणार. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळं ई१० वरून ई२० वर आलं की हिशेबानं तीन-चार टक्के घट. एवढं बिल आपल्याच उसाच्या नावानं.

जुन्या एमपीआयमध्ये जास्त काळजी रबरी नळ्या आणि सीलची. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि अर्ध्या टाकीत हवा जास्त असते.

१८. सुरक्षिततेचं काय?

जोरदार बाजू. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेनं एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य आणि दोन एअरबॅगच्या पोलोला चार तारे दिले. त्यानंतर कंपनीनं एअरबॅग नसलेली पोलो विकणं थांबवलं. टायगुनला २०२२ मध्ये आणि व्हर्टसला २०२३ मध्ये मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी पाच-पाच तारे. म्हणून २०१४ पूर्वीची पोलो घेताना स्टिअरिंगवर आणि डावीकडच्या डॅशवर एअरबॅगचा शिक्का आहे का ते पाहा, आणि चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का तेही. लागतच नसेल तर बल्बच काढून ठेवलेला असू शकतो.

१९. सांगलीची एमएच १० गाडी पुरातली तर नसेल ना? कसं ओळखायचं?

२००५, ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत कृष्णाकाठच्या भागात गाड्या बुडाल्या. कराडलाही, म्हणजे एमएच ५० लाही, संगमावर पाणी चढतं. पण एमएच १० म्हणून नाक मुरडू नका. जत-आटपाडीची गाडीही एमएच १० च असते, आणि तिथं पाणी टँकरनं येतं.

बघायचं असं. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटचा हातभर पट्टा आयुष्यात कधी बाहेर येत नाही, त्यामुळं धुणारा तिथं पोहोचत नाही. त्यावर आडवी करडी रेघ किंवा वाळलेला गाळ दिसला तर बोलणं तिथंच थांबवा. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीच्या खड्ड्यातला जॅक आणि पाना, डॅशखालच्या कनेक्टरची हिरवट बुरशी पाहा. मॅट नवी आणि आत परफ्यूमचा घमघमाट असेल तर मॅट उचलून खालच्या फोमवर हात दाबा.

फोक्सवॅगनमध्ये बॉडी कंट्रोल मॉड्यूल डॅशच्या खाली असतं. ते एकदा भिजलं की सहा महिन्यांनी काच, लॉक, वायपर हे स्वतःच्या मर्जीनं चालायला लागतात. विम्याच्या जुन्या दाव्याची माहिती मागा. आणि तुमचीच गाडी पाण्यात अडकली तर स्टार्ट मारू नका. पाणी ओढलेलं इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन नसेल तर विमा तो खर्च बहुधा देत नाही.

२०. दिल्लीची डिझेल पोलो इथल्यापेक्षा फार स्वस्त मिळते. घ्यावी?

दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेलवर बंधनं आल्यानं तिकडं किंमत पडली. महाराष्ट्रात ते बंधन नाही. पण हिशेब पूर्ण करा. तिकडच्या आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर, इथं नवा नंबर घ्यायला फॉर्म २७, नावावर करायला २९ आणि ३०, बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्यानं. त्यात वाहतूक आणि एजंट. हे सगळं मिळून स्वस्ताई बऱ्याचदा संपते. एनओसी हातात पडण्याआधी पूर्ण पैसे देऊ नका. आणि मीटरवर ४५ हजार असेल तर स्टिअरिंगची कातडी, ब्रेक पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची कड पाहा. घासलेलं रबर खोटं बोलत नाही.

२१. माझी २०१० ची पोलो १५ वर्षांची झाली. आता काय?

भंगारात टाकायची सक्ती नाही. आरसीची मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरा, आरटीओत फिटनेस तपासणी करून घ्या, ग्रीन टॅक्स भरा. एप्रिल २०२२ पासून खासगी कारच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये. मंजूर झालं की पुढं ५ वर्षं. उशीर झाला तर दर महिन्याला दंड चढतो. एचएसआरपी नंबरप्लेट आणि चालू पीयूसी आधी करून ठेवा, त्याशिवाय खेप वाया जाते.

तपासणीला जाण्यापूर्वी हेडलाइट पॉलिश करून घ्या, पोलोचे पिवळे पडतात. हँडब्रेक आणि वायपर चालू हवेत, एअरबॅग आणि चेक इंजिनचे दिवे विझलेले हवेत. १.२ एमपीआय असेल आणि चेनचा आवाज नसेल (प्रश्न ७) तर नूतनीकरणाचे पैसे वसूल होतात. डीएसजी असेल आणि पहिल्या गिअरला थरथरत असेल तर आधी गिअरबॉक्सचा अंदाजखर्च लिहून घ्या, मग आरटीओची वाट धरा.